पाकपुस्तक वाचावे कसे

पाकपुस्तकांची आवड असलेल्या माणसाच्या कपाटात साधारणपणे दोन प्रकारची पुस्तके असतात. काहींच्या पानांवर तेलाचे डाग पडलेले असतात, शिवण सैल झालेली असते आणि एखादे ठरावीक पान आपोआप उघडते. बाकीच्यांचे पुठ्ठे मात्र घेतल्या दिवसासारखे करकरीत राहतात. माझ्या कपाटात या दुसऱ्या प्रकारची पुस्तके बराच काळ बहुसंख्य होती आणि त्याचे खापर मी आळसावर फोडत आले. पुढे लक्षात आले की चूक वाचण्यातच होती. पाककृतींचे पुस्तक मी कादंबरीसारखे सलग वाचून बाजूला ठेवत होते, शेफने लिहिलेले प्रत्येक वाक्य प्रमाण मानत होते आणि खाद्यविषयक आठवणींच्या पुस्तकांत केवळ पदार्थांची वर्णने शोधत होते. ही तीन प्रकारची पुस्तके शेजारी ठेवून, एकाच्या आधारे दुसरे तपासत वाचली, तर प्रत्येकातून कितीतरी अधिक हाती लागते. ते कसे करावे, हे येथे अनुभवाच्या आधारे सांगत आहे.

घेण्यापूर्वीची परीक्षा

दुकानात किंवा ग्रंथालयात पुस्तक हाती आले की सर्वांत आकर्षक छायाचित्र असलेले पान उघडू नये. आपण स्वतः पन्नास वेळा केलेला, डोळे मिटून करता येईल असा एखादा साधा पदार्थ त्या पुस्तकात शोधावा आणि तेवढीच पाककृती सावकाश वाचावी. तो पदार्थ कोठे बिघडतो, हे आपल्याला ठाऊक असते. लेखकाने नेमक्या त्या जागी सावध केले असेल, तर त्याने तो पदार्थ स्वतः अनेकदा केला आहे असे समजायला हरकत नाही. त्या जागेवरून तो सहज पुढे निघून गेला असेल, तर आपल्याला अपरिचित असलेल्या दोनशे पदार्थांबाबतही तो तसाच पुढे निघून गेला असणार. शितावरून भाताची परीक्षा इथे अक्षरशः लागू पडते.

असा परिचित पदार्थ सापडला नाही, तर कांदा शोधावा. मंद आचेवर कांदा गोडसर आणि गडद तपकिरी होईपर्यंत परतायला साधारण चाळीस ते पंचेचाळीस मिनिटे लागतात. पुष्कळ पुस्तके मात्र त्यासाठी दहा मिनिटे पुरतील असे खुशाल लिहून मोकळी होतात. यामागे नेहमीच अज्ञान असते असे नाही. एकूण वेळ मोठा दिसला तर वाचक बिचकेल, ही भीतीही त्यात असते. तरीही ज्या पुस्तकाने कांद्याच्या बाबतीत घड्याळाकडे पाहिलेले नाही, त्याने दिलेले इतर वेळही जरा हातचे राखूनच मानावेत. उलट ज्या पाककृतीत मिनिटांबरोबर खूणही दिलेली असते, म्हणजे रंग कोणता यावा, वास केव्हा बदलतो, तडतड थांबली की काय समजावे, ती पाककृती आपली चूल आणि आपले भांडे वेगळे असले तरी साथ देते.

यानंतर शेवटची सूची पाहावी. घरात एखादा जिन्नस उरला आहे आणि त्याचे काय करावे हे ठरवायचे आहे, अशा वेळी पदार्थांच्या नावांबरोबरच जिन्नसांनुसारही लावलेली सूची असेल तरच पुस्तक उपयोगी पडते. नुसत्या पदार्थनामांची सूची असलेले पुस्तक पाहण्यासाठी ठीक असते, वापरण्यासाठी नव्हे.

मापांची भाषा

आज आपण ज्याला पाककृती म्हणतो तिचा साचा फार जुना नाही. त्याआधीच्या पुस्तकांत बहुधा सलग परिच्छेद असत आणि प्रमाण कृतीच्या ओघात कोठेतरी येई किंवा येतही नसे. 1845 साली एलायझा ॲक्टन या इंग्रज लेखिकेने जिन्नस, त्यांची प्रमाणे आणि लागणारा वेळ कृतीच्या शेवटी वेगळे काढून द्यायला सुरुवात केली. 1861 साली इझाबेला बीटन यांचे गृहव्यवस्थेवरील जाडजूड पुस्तक आले, त्यात जिन्नसांची यादी कृतीच्या आधी गेली आणि तिथेच कायमची बसली. पिढ्यान्‌पिढ्या अनुभवी गृहिणीचा शब्द म्हणून मानल्या गेलेल्या या बीटनबाई पुस्तक निघाले तेव्हा पंचवीस वर्षांच्या होत्या, अठ्ठाविसाव्या वर्षी वारल्या आणि त्यांच्या बऱ्याच पाककृती ॲक्टनसह इतरांच्या पुस्तकांतून उचललेल्या होत्या, हे कळल्यापासून मी कोणत्याही पुस्तकाच्या अधिकारवाणीपुढे पटकन मान झुकवत नाही. 1896 साली अमेरिकेत फॅनी फार्मर या पाककला-शिक्षिकेने कप आणि चमचे सपाट भरून मोजण्याचा आग्रह धरला, आणि माप ही लिहिता येण्याजोगी गोष्ट झाली.

लिहिता येण्याजोगी झाली, पण सर्वत्र सारखी झाली नाही. अमेरिकी कप सुमारे 237 मिलिलिटरचा आहे, तर मेट्रिक कप 250 मिलिलिटरचा. टेबलस्पून बहुतेक ठिकाणी 15 मिलिलिटरचा असतो, ऑस्ट्रेलियात मात्र तो 20 मिलिलिटरचा आहे. पाइंट हे द्रवाचे माप अमेरिकी असेल तर 473 मिलिलिटर, ब्रिटिश असेल तर 568. एका कपातले पीठ हलक्या हाताने भरले की दाबून, त्यानुसार 120 ग्रॅमपासून 150 ग्रॅमपर्यंत कितीही भरते. मिठाच्या बाबतीत तर फरक थेट जिभेवर येतो: बारीक मिठाचा एक टेबलस्पून सुमारे 18 ग्रॅमचा असतो, तर काही जाडसर, पापुद्र्यांच्या मिठाचा तेवढाच चमचा आठ-दहा ग्रॅमच भरतो. एका परदेशी पुस्तकातला पदार्थ मी अगदी मापाबरहुकूम केला आणि पाहुण्यांनी पहिल्या घासानंतर मुकाट्याने पाण्याचा पेला उचलला, तेव्हा लेखकाच्या मिठाविषयीची एक ओळ प्रस्तावनेच्या तिसऱ्या पानावर होती आणि मी प्रस्तावना वाचली नव्हती.

म्हणून नवे पुस्तक घरी आले की पहिले काम प्रस्तावना आणि मापांचे पान वाचण्याचे. पुस्तक कोठे आणि कधी छापले गेले ते पाहून त्याचा कप, त्याचा चमचा, त्याचे मीठ आणि त्याचे अंड्याचे आकारमान आतल्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने लिहून ठेवावे. भट्टीचे, म्हणजे ओव्हनचे, तापमान फॅरनहाइटमध्ये असेल तर 350 अंश म्हणजे सुमारे 175 अंश सेल्सिअस, हे एकदा लिहिले की पुन्हा पुन्हा शोधावे लागत नाही. पंखा असलेल्या भट्टीत साधारण 20 अंश कमी ठेवावे लागते. एक डिजिटल वजनकाटा मात्र घ्यावाच, कारण ग्रॅमला देश नसतो.

यादीतल्या स्वल्पविरामाकडेही लक्ष असू द्यावे. ‘एक कप अक्रोड, बारीक चिरून’ आणि ‘एक कप बारीक चिरलेले अक्रोड’ या दोन ओळींतील अक्रोडांचे वजन वेगवेगळे असते, कारण पहिल्या ओळीत आधी मोजायचे आहे आणि दुसरीत आधी चिरायचे आहे.

एक पाककृती तीनदा वाचणे

पहिले वाचन फक्त वेळेसाठी करावे. ‘रात्रभर’, ‘पूर्ण थंड झाल्यावर’, ‘आदल्या दिवशी’, ‘दुप्पट फुगेपर्यंत’ असे शब्द कृतीच्या मध्यात दबा धरून बसलेले असतात आणि वर ठळक अक्षरांत छापलेल्या एकूण वेळात ते बहुधा धरलेले नसतात. दुसरे वाचन पेन्सिल घेऊन क्रियापदांसाठी करावे. परतणे, भाजणे, होरपळू देणे, उकळी आणणे आणि मंद आचेवर शिजू देणे ही पाच वेगळी कामे आहेत. अनुवादित पुस्तकांत ती सर्व ‘शिजवा’ या एका शब्दात कोंबलेली आढळतात, तेव्हा मूळ काय असावे याचा विचार करावा लागतो.

तिसरे वाचन ‘का’ विचारण्यासाठी असते, आणि माझ्या मते खरी गोडी येथूनच सुरू होते. प्रत्येक पायरीपाशी थांबून ही पायरी गाळली तर काय होईल, असे स्वतःला विचारावे. उत्तर सुचत नसेल तर अन्नशास्त्रावरचे एखादे संदर्भपुस्तक जवळ असावे. हॅरोल्ड मॅगी यांचे 1984 साली प्रथम आलेले आणि 2004 साली सुधारून वाढवलेले पुस्तक मी याच कामासाठी ठेवले आहे. याचे एक उदाहरण बोलके आहे. मांसाचा तुकडा प्रखर आचेवर आधी सर्व बाजूंनी भाजून घेतला की रस आत ‘कोंडला’ जातो, ही कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास युस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने मांडली, आणि मोठमोठ्या शेफनी ती उचलून धरली. 1930 च्या दशकातील प्रयोगांत दिसून आले की असे मांस तितकाच, किंवा थोडा अधिकच, रस गमावते. तरीही ते वाक्य पुढची कित्येक दशके पुस्तकांत छापले जात राहिले. गंमत अशी की पद्धत बरोबरच आहे, कारण प्रखर आचेवर पृष्ठभाग तपकिरी होताना जी चव तयार होते ती दुसऱ्या कशाने येत नाही. चुकीचे होते ते फक्त कारण. शेफच्या हातावर विश्वास ठेवावा आणि त्याने दिलेले कारण तपासून घ्यावे, असा मी तेव्हापासून स्वतःपुरता नियम केला आहे.

इतके वाचून झाल्यावर पहिल्यांदा पदार्थ अगदी लिहिल्याप्रमाणे करावा, मग कितीही मोह होवो. पहिल्याच वेळी साखर निम्मी करून, लोण्याऐवजी तेल वापरून आणि भांडे बदलून जे तयार होते त्यावरून लेखकाविषयी काहीच ठरवता येत नाही. दुसऱ्या वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन्ही वेळी तारीख आणि निकाल समासात लिहावा: मीठ पाव चमचा कमी, दहा मिनिटे जास्त लागली, दुसऱ्या दिवशी चव अधिक चांगली होती. पुस्तक जपण्याचा ज्यांना फार सोस आहे त्यांनी पातळ कागदाच्या चिठ्ठ्या चिकटवाव्यात, पण लिहावे.

शेफच्या पुस्तकात नेमके काय घ्यावे

प्रसिद्ध शेफचे पुस्तक घरच्या स्वयंपाकघरात का फसते, हे कळण्यासाठी उपाहारगृहाचे स्वयंपाकघर कसे चालते ते लक्षात घ्यावे लागते. ओग्यूस्त एस्कॉफिए या फ्रेंच शेफने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कामाची विभागणी पक्की केली: सॉस एकाने, मासे दुसऱ्याने, भाजणे तिसऱ्याने, मिष्टान्न चौथ्याने. 1903 साली निघालेल्या त्याच्या ग्रंथात पाच हजारांहून अधिक पाककृती आहेत आणि त्यातल्या अनेक दोन-तीन ओळींच्या आहेत, कारण वाचणाऱ्याला आधारभूत सॉस आणि रस्से येतात असे तो ग्रंथ गृहीत धरतो. आजच्या शेफच्या पुस्तकातही तीच रचना सुप्तपणे असते. एक ताट म्हणजे पाच उपपाककृती, आणि प्रत्येकीत ‘पाहा पृष्ठ अमुक’. तिथे पाच माणसे करतात ते काम येथे एकट्याने, एका ओट्यावर करायचे असते. अशा पुस्तकातून संपूर्ण ताट करण्याचा हट्ट सोडून एकच उपपाककृती घ्यावी, एखादा सॉस, एखादे मुरवण, भाज्या कापण्याची एखादी रीत, आणि ती आपल्या रोजच्या जेवणात मिसळून टाकावी. माझ्याकडच्या एका जाड पुस्तकातून मी आजवर केवळ एक सॉस घेतला आहे, आणि त्या पुस्तकाचे माप माझ्या पदरात पुरेपूर पडले आहे असे मी मानते.

दुसरी अडचण प्रमाणाची असते. चाळीस जणांसाठी बेतलेली कृती चौघांसाठी दहाने भागून छापली जाते, पण बाष्पीभवन दहाने भागले जात नाही. पाणी किती आटेल हे भांड्याच्या तोंडाच्या रुंदीवर आणि आचेवर ठरते, म्हणून लहान प्रमाणातला रस्सा रुंद भांड्यात पुस्तकात लिहिल्यापेक्षा कितीतरी लवकर आटून खारट होतो. मीठ अशा वेळी शेवटी घालावे.

मुखपृष्ठावर शेफचे नाव असले तरी लेखन पुष्कळदा दुसऱ्या कोणी केलेले असते आणि पाककृती घरच्या चुलीवर तिसऱ्याच कोणी करून पाहिलेल्या असतात. यात फसवणूक काही नाही, पण ते माहीत असलेले बरे. आभाराचे पान उघडून पाककृती तपासणाऱ्यांची नावे तिथे आहेत का, हे पाहावे. असतील तर ती चांगली खूण आहे. त्याच पानावर संपादकाचे नावही असते, आणि आवडत्या पुस्तकाच्या संपादकाचा माग काढणे हा नवी पुस्तके शोधण्याचा मला सापडलेला सर्वांत भरवशाचा मार्ग आहे. जुडिथ जोन्स या अमेरिकी संपादिकेने फ्रेंच पाककलेवर लिहिणाऱ्या ज्युलिया चाइल्ड, भारतीय पाककलेवर लिहिणाऱ्या मधुर जाफरी आणि अमेरिकेच्या दक्षिणेकडील पाककलेवर लिहिणाऱ्या एडना लुईस यांची पुस्तके घडवली. हे तीन लेखक, तीन पूर्णपणे वेगळ्या पाकपरंपरा. पण वाचकाला हाताला धरून नेण्याची शिस्त तिघींच्याही पुस्तकांत आढळते, आणि ती एकाच संपादिकेच्या नजरेखालून गेल्याचे त्यात जाणवते.

आठवणींची पुस्तके

चाइल्ड, सिमोन बेक आणि लुइझेट बेर्थोल यांनी मिळून लिहिलेला फ्रेंच पाककलेचा पहिला खंड 1961 साली प्रसिद्ध झाला. तो प्रथम उघडणाऱ्याला पाल्हाळिक वाटतो, कारण एकेक पाककृती दोन-तीन पाने चालते आणि जिन्नसांची एकत्र यादी देण्याऐवजी ज्या पायरीला जे लागते ते त्या पायरीच्या शेजारी, डाव्या रकान्यात दिलेले असते. चाइल्ड यांच्या फ्रान्समधील वर्षांच्या आठवणी, त्यांच्या निधनानंतर दोन वर्षांनी, 2006 साली पुस्तकरूपाने आल्या. त्या त्यांनी आपल्या पतीच्या नातलगांपैकी एका तरुण लेखकाच्या सोबतीने लिहिल्या होत्या. त्या पुस्तकात एकेक कृती किती वेळा फसली, पत्रांतून कशी दुरुस्त होत गेली आणि एका प्रकाशनसंस्थेने हस्तलिखित कसे नाकारले, हे वाचून पुन्हा 1961 च्या खंडाकडे वळले की तोच पाल्हाळ सावधगिरी वाटू लागतो. अशा जोड्या मुद्दाम लावाव्यात. एकाच व्यक्तीचे पाकपुस्तक आणि आठवणी दोन्ही उपलब्ध असतील तर आधी पाकपुस्तकातल्या दोन पाककृती कराव्यात, मग आठवणी वाचाव्यात, आणि नंतर त्याच दोन पाककृती पुन्हा कराव्यात.

आठवणी म्हणजे साक्ष नव्हे, हे लक्षात ठेवावे. रूथ रायशल या समीक्षिकेने 1998 सालच्या आपल्या आठवणींच्या आरंभीच कबूल केले आहे की गोष्ट रंगवण्यासाठी तिने तपशिलांत फेरफार केले आहेत. हा प्रामाणिकपणा सगळेच दाखवत नाहीत. म्हणून अशा पुस्तकात तारखांपेक्षा निवडीकडे पाहावे: लेखकाला ताटातले काय आठवते, रांधणारे कोण होते, भांडी कोणी घासली, शेवटी कोण जेवले, आणि ज्यांच्या हातचे खाऊन लेखक मोठा झाला त्यांना पुस्तकात बोलू दिले आहे का. या प्रश्नांची उत्तरे समासात लिहिली की काही गाजलेली पुस्तके आपोआप लहान होतात आणि काही दुर्लक्षित पुस्तके मोठी. एडना लुईस यांचे 1976 सालचे पुस्तक या कसोटीवर मला फार वरचे वाटते. गुलामीतून मुक्त झालेल्या लोकांनी वसवलेल्या व्हर्जिनियातील एका लहानशा वस्तीत त्या वाढल्या, आणि ऋतूंप्रमाणे लावलेल्या त्यांच्या पाककृतींत ती संपूर्ण वस्ती नावानिशी राबताना दिसते.

आठवणींतला व्यवहारी सल्ला मात्र काळाबरोबर शिळा होतो. सोमवारी उपाहारगृहात मासे मागवू नयेत, हा अमेरिकी शेफ अँथनी बोर्डेन यांचा 2000 सालचा सल्ला जगभर पसरला. पुढे त्यांनीच परिस्थिती बदलल्याचे सांगून तो मागे घेतला, तरी लोक तो अजून ऐकवतात. प्रकरणाच्या शेवटी जोडलेल्या पाककृतींबाबतही सावध असावे, कारण अशा पुस्तकांचा कस भाषेत असतो आणि पाककृती कित्येकदा तपासल्याशिवाय छापल्या जातात. पॅरिसमध्ये राहणाऱ्या अमेरिकी लेखिका ॲलिस बी. टोक्लस यांच्या 1954 सालच्या पुस्तकात एका मित्राने पाठवलेली भांगेच्या मिठाईची कृती करून न पाहताच गेली, आणि सर्वांत जास्त गाजली ती तीच.

कधी याच्या उलट होते: वर्णन जिभेवर रेंगाळते आणि पाककृती मुळीच दिलेली नसते. अशा वेळी हताश न होता त्याच काळातली आणि त्याच प्रदेशातली दोन-तीन पाकपुस्तके काढावीत व त्या पदार्थाच्या कृती एका कागदावर रकाने पाडून उतरवाव्यात. सर्व मापे ग्रॅममध्ये आणावीत आणि मुख्य जिन्नस शंभर धरून बाकीचे त्याच्या प्रमाणात लिहावेत. पाव बनवणारे हेच करतात: पीठ शंभर, मग पाणी साठ ते पंच्याहत्तर, मीठ दोनच्या आसपास. असा तक्ता समोर आला की तिन्ही पुस्तकांत जे आकडे जुळतात तो पदार्थाचा सांगाडा आहे आणि जे जुळत नाहीत ती लेखकांची आवडनिवड आहे, हे एका नजरेत दिसते. मग आठवणींतले वर्णन पुन्हा वाचावे. लेखकाने ‘चमच्याला चिकटणारे’ असे म्हटले असेल तर द्रव पदार्थ खालच्या आकड्याजवळ ठेवावा, ‘वाहते’ म्हटले असेल तर वरच्या. मी अशा रीतीने केलेले पदार्थ पहिल्या खेपेस क्वचितच जुळले, चौथ्या-पाचव्या खेपेस बहुधा जुळले.

काही पाकपुस्तके तर स्वयंपाक न करताही वाचावीत. इंग्रज लेखिका एलिझाबेथ डेव्हिड यांचे भूमध्य समुद्राकाठच्या अन्नावरचे पुस्तक ब्रिटनमध्ये 1950 साली निघाले, तेव्हा तिथे शिधावाटप चालू होते आणि ते 1954 पर्यंत चालले. पुस्तकातले कितीतरी जिन्नस वाचकांना मिळणे शक्यच नव्हते. त्यांनी ते भूक आणि ऊन यांच्याविषयीचे पुस्तक म्हणून वाचले असणार, आणि तसे वाचणेही खरेच वाचणे आहे.

एका वेळी एक

वर्षाला चार पाकपुस्तके पुरेशी होतात. एका पुस्तकातल्या दहा पाककृती तीन महिन्यांत कराव्यात आणि त्याच काळात उशाशी एक आठवणींचे पुस्तक असावे. दहांपैकी तीनही पुन्हा कराव्याशा वाटल्या नाहीत तर ते पाकपुस्तक दुसऱ्या कोणाला देऊन टाकावे. नवीन घेण्याऐवजी वापरलेली पुस्तके घेण्याची सवय लावून घ्यावी, आणि ती घेताना स्वच्छ प्रत टाळून डागांची प्रत निवडावी, कारण डाग कोणत्या पानांवर आहेत हे पाहून आधीच्या मालकाने काय निवडले ते फुकटात कळते. माझ्याकडच्या अशा एका जुन्या प्रतीत पावाच्या पानावर कोणा अनोळखी हाताने निळ्या शाईत लिहिले आहे, ‘दुसऱ्यांदा केला. पाणी जास्त.’ छापलेल्या मापाऐवजी मी त्या शाईवर विश्वास ठेवला, आणि तिच्याखाली पेन्सिलीने लिहिले, ‘तिसऱ्यांदा. पाणी आता बरोबर, मीठ दोन ग्रॅम वाढवावे.’